सतरावी नळी

कौसे, नळ्या सोळाच्या ऐवजी सतरा का होत्या ते मला काल कळलं. तुझा तेरावा होऊन तीन दिवस झाले होते. म्हणजे उत्तर मिळालं तेव्हा भांडायला तू नव्हतीस, आणि तुझ्याशी भांडल्याशिवाय एखादं उत्तर पचवायची मला सवय नाही. पंधरा वर्षांत आपण एखाद्या गोष्टीवर एकमताने उठलो असं झालं नाही, चहात आलं घालायचं की वेलदोडा इथपासून. आता बीडच्या आपल्या त्या दोन खोल्यांच्या प्रयोगशाळेत मी एकटी बसले आहे. तुझी खुर्ची मी भिंतीकडे तोंड करून ठेवली आहे. ती माझ्याकडे बघत बसते ते मला सोसत नाही.

तुझ्या दहाव्याला आणि तेराव्याला आष्टीकडच्या तुझ्या गावात माणूस मावत नव्हतं. मेंढपाळाची पोर डॉक्टर झाली, शिकून परत जिल्ह्यातच राहिली, कधी कुणाला नाही म्हणाली नाही, असं एकेक जण उठून सांगत होता. मी खाली मान घालून ऐकत होते. तू नाही म्हणाली नाहीस? अगं, तुझ्याइतकं नाही म्हणणारं माणूस मी जन्मात बघितलं नाही. माझ्या प्रत्येक वाक्यापुढे तू तुझ्या गावचं "का?", म्हणजे "कावून?", ठेवायचीस. मी वैतागून पेन फेकायचे, तू ते उचलून माझ्या हातात द्यायचीस आणि पुन्हा म्हणायचीस, "पर कावून?" मंडपात मला उठून हे सांगावंसं वाटलं. उठले नाही. तोंड उघडलं तर दुसरंच काहीतरी बाहेर पडेल अशी भीती वाटली. ते दुसरं आज इथे लिहिते आहे.

आपण काय काम करतो हे मला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. तुला यायचं. हातातलं खुरपं खाली न ठेवणाऱ्या बाईलाही तू पाच मिनिटांत पटवायचीस. तुझ्या आबांना तू सांगितलंस ते मला पाठ आहे. आधी रक्त तपासायचं म्हणजे मेंढरांच्या अख्ख्या खांडाचा गलका लांबून ऐकायचा. आता एकेका मेंढराच्या गळ्यातली घंटी वेगळी ऐकू येते. रक्तातली एकेक पेशी तेलाच्या बारीक थेंबात वेगळी धरायची, तिला खुणेची चिठ्ठी लावायची आणि तिच्यातली कोणती जनुकं जागी आहेत ते वाचायचं. तिथून पुढे माझं काम. प्रत्येक पेशीचा संगणकाच्या पडद्यावर एक ठिपका, सारख्या पेशी जवळजवळ, आणि त्यांचे ढीग. एकेका बाईच्या रक्तातून पाच-पाच हजार ठिपके निघतात, हे मी आबांना मोठ्या फुशारकीने सांगितलं होतं. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, बाया किती? मी म्हणाले, चोवीस.

"मंग चोवीसच की," आबा म्हणाले. "मेंढरं मोजावीत, पोरी. लोकर न्हाई."

तू हसून हसून खाली बसलीस. दुसऱ्या दिवशी ते वाक्य तू प्रयोगशाळेच्या दारावर खडूने लिहिलंस आणि मी सहा महिने त्या दाराकडे बघणं टाळलं. पाच हजारांना चोवीसने गुणलं की मला फार मोठं काम केल्यासारखं वाटायचं, आणि तुझ्या बापाने एका वाक्यात माझी एक लाख वीस हजारांची फौज चोवीस बायांवर आणून ठेवली होती. बरोबर होतं त्यांचं. एकाच बाईच्या पाच हजार पेशी म्हणजे एकाच बाईची पाच हजार वेळा घेतलेली साक्ष. हे मला तेव्हाही कळत होतं. कळणं आणि ऐकणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच एक नदी आडवी असते.

प्रश्न तुझा होता, हेही लिहून ठेवते, नाहीतर आपल्या प्रकल्पाचे प्रमुख, पुण्याचे सर, उद्या तो स्वतःचा म्हणून सांगतील. तुझ्या ओपीडीत उमापूरकडच्या काही तरण्याताठ्या बाया आल्या होत्या. ना साखर, ना रक्तदाब, आणि मूत्रपिंडं थकलेली. सगळ्या ऊसतोडीला जाणाऱ्या. सहा-सहा महिने उन्हात, पाणी कमी, विसावा नाही. तू म्हणालीस, यांच्या रक्तातल्या पेशी काहीतरी सांगत असतील, विचारून बघू. म्हणून आपण बारा उसाला जाणाऱ्या आणि बारा गावातच राहणाऱ्या बाया घ्यायचं ठरवलं. वय सारखं, गाव सारखं, फरक फक्त उसाचा.

आठवतं का, आपण पहिल्यांदा नायट्रोजनची टाकी घेऊन उमापुरात उतरलो तेव्हा चावडीवरचे म्हातारे उठून उभे राहिले? ती टाकी त्यांना ओळखीची होती, जनावरांच्या डॉक्टरकडे असते तीच, गाय भरवायला येताना आणतात ती. एकाने तुला विचारलं, कुनाची गाय हाय? तू अजिबात न हसता सांगितलंस, "आज बायांची पाळी हाय, काका." मग जीभ चावलीस. संबंध गाव आठवडाभर त्यावर हसलं, आणि त्या हसण्यानेच बाया हात पुढे करायला तयार झाल्या. मी चार पानांचं समजावणीचं पत्रक तयार केलं होतं. ते कुणी वाचलं नाही.

तुझी आखणी एका कागदावर होती. रोज चार बाया. त्यातल्या दोन उसाच्या, दोन घरच्या. दिवस कोणताही असो, औषधाची बाटली कोणतीही असो, दोन्हीकडच्या बाया एकाच दिवसात हव्यात. सुई टोचल्याची वेळ लिहायची, नळी डब्यात ठेवल्याची लिहायची, आणि प्रयोगशाळेत उतरल्याची लिहायची. मी म्हणाले, हे तर लग्नाच्या पंगतीसारखं झालं, इकडची दोन माणसं आणि तिकडची दोन. तू म्हणालीस, हो, नाहीतर एकीकडच्यांना गरम जेवण मिळतं आणि दुसरीकडच्यांना गार, आणि मग आपण म्हणतो ही माणसंच तशी.

मग गुढीपाडव्याला ऊसतोडीची टोळी परत आली. सगळी एका दिवशी, एकाच ट्रकमधून. दोन दिवसांत बाया जत्रेला, माहेराला पांगणार होत्या. मी म्हणाले, या बारा जणींचं रक्त आत्ताच घेऊ. घरच्या बारा कुठे पळून जातात? तू म्हणालीस, नको. चार घेऊ, बाकीच्या परत आल्यावर. मी म्हणाले, तोवर उसाचा परिणाम उतरला तर? तू रांगेतल्या बाया मोजल्यास. तेवढ्यात मी ते वाक्य बोलले, जे आता मला झोपू देत नाही. दिवसाचा फरक मी नंतर गणितात काढीन, त्यासाठी तयार आज्ञावल्या आहेत, असं म्हणाले. तू माझ्याकडे बघितलंस. तुला पटलं नव्हतं. पण बाया उन्हात बसल्या होत्या, आणि बायांना उन्हात बसवून वाद घालणं तुझ्याच्याने होत नाही. तू सुई उचललीस.

दोन दिवसांत बारा जणी. सगळ्यांचं होईपर्यंत पहिली नळी डब्यात चार-चार तास बसून राहिली, वर गेवराईचा रस्ता. घरच्या बारा जणींचं मात्र आपण पुढच्या महिन्यात निवांत घेतलं, दिवसाला दोन, तासाभरात प्रयोगशाळेत. आता फरक दिसला तर तो उसाचा की डब्यातल्या वेळेचा, हे जगातलं कुठलंही गणित सांगू शकणार नव्हतं. ज्या दिवशी ऊस त्याच दिवशी उशीर. दोन्ही एकाच दाव्याला बांधलेले. हे मी विद्यार्थ्यांना शिकवते, कौसे. फळ्यावर लिहून शिकवते.

आणि ढीग दिसला. पावसाळ्यात निकाल आले आणि पडद्यावर एका बाजूला लाल ठिपक्यांचा एक भरगच्च ढीग, फक्त उसाला जाणाऱ्या बायांचा. दाह पेटवणारी जनुकं त्यात जागी. मी खुर्चीतून उठून नाचले. सरांनी पुण्याहून फोन करून पेढे मागितले. तू पडद्याजवळ गेलीस, जाग्या जनुकांची यादी वरून खाली वाचलीस आणि एवढंच विचारलंस की डब्यात किती वेळ होत्या या. मला तुझा इतका राग आला. मी म्हणाले, तुला चांगलं बघवत नाही. तू म्हणालीस, ही जनुकं ताटकळत ठेवलेल्या कुठल्याही पेशीत जागी होतात, नंदे, तू मला तासभर उन्हात उभी कर, माझ्याबी होतील. मी म्हणाले, मी ते गणितात काढलंय. तू म्हणालीस, "गणितात तू दिवस काढलास की ऊस काढलास, तुला तरी माहीत हाय का?"

मला माहीत नव्हतं. पण मी दार आपटून गेले.

मी वडवणीची. बाप आठवडी बाजारात कापड विकायचा. तू मला नेहमी चिडवायचीस, बाजारातली पोरगी आहेस, माल दिसला की मांडून बसतेस. मांडला मी माल. दसऱ्याच्या आधी काही कागदांवर सह्या घ्यायला मी एकटी उमापूरला गेले. लिंबाखाली बाया जमल्या. सहा महिने त्या विचारत होत्या, आमच्या रगतात काय निघालं. तू दर वेळी सांगायचीस, अजून कळलं नाही, कळलं की आधी तुम्हाला. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगायचं तर दयेपेक्षा जास्त मिरवावंसं वाटलं. मी लॅपटॉप उघडला. उसाच्या बारा जणींतली गया पुढे बसली होती. तिने विचारलं, ताई, ह्यात माझं कुठलं? आणि मी बोट ठेवलं. हे लाल ठिपके सगळे तुमचे, गयाबाई. सगळ्या गावासमोर.

दिवस मावळायच्या आत उमापुरात झालं होतं की गयाचं रगत नासलंय. त्याच आठवड्यात मुकादम टोळी बांधत होता. नवरा-बायको मिळून तो एक कोयता मोजतो, आणि नासक्या रक्ताची बाई मधेच पडली तर कोयता बुडतो. त्याने गयाला वगळलं. तिचा नवरा अर्धा कोयता म्हणून एकटा गेला, दुसऱ्याच्या जोडीला, दुसऱ्याच्या हुकमाखाली. बाकीच्या अकरा जणींनी तोंड शिवून घेतलं आणि ट्रकमध्ये बसल्या. त्यांचे ठिपके कुणी विचारले नव्हते.

हे तुला कळलं त्या दिवशी तू ओरडली नाहीस. ओरडली असतीस तर मी परत ओरडले असते, आणि दोन दिवसांनी आपण चहा प्यायलो असतो. तू फक्त म्हणालीस, "तू बाईला दाखवलंस?" आणि टाकी उचलून आत गेलीस. त्यानंतर पाच महिने आपण कामापुरतं बोललो. सेंट्रिफ्यूज रिकामं आहे का. बर्फ आला का. लेखावर तू सही करायला नकार दिलास, सरांनी तुला दोनदा फोन केला, तू दोनदा नाही म्हणालीस. मी त्या लेखात तुझ्या नावाची जागा मोकळी ठेवून वाट बघत होते. आपण एकमेकींशी न बोलता एकाच डब्यातलं लोणचं खात होतो.

या पाडव्याला तू परत गेलीस. मला न सांगता, पण माझ्यासाठी. नवीन बाया, सोळा. आठ उसाच्या, आठ घरच्या. टोळीतल्या बायांना तू माहेरी जाऊन गाठलंस, आणि रोज चार, दोन इकडच्या आणि दोन तिकडच्या, प्रत्येक नळीवर मिनिटासकट वेळ. फक्त कोण कुठली ते लिहिलं नाहीस. नळीवर नुसते आकडे. यादी तू माझ्यापासून लपवलीस, कारण मला जे बघायचं असतं ते मला दिसतं. तू म्हणालीस, निकाल आला की तू आधी सांग, कोणती उसाला गेलेली आणि कोणती राहिलेली. लिहून दे. मग यादी उघडू. तुझा तो ढीग खरा असला तर सोळाच्या सोळा ओळखशील, आणि मी सगळ्यांसमोर तुझ्या पाया पडेन. मी विचारलं, यादी कुठे आहे? तू म्हणालीस, जिथं तुझा हात पोचणार न्हाई तिथं. कपाटात न्हाई, त्याची किल्ली कुठे असते ते तुला माहीत हाय.

पावसाळा संपता संपता पुण्याहून आकडेवारी आली तेव्हा सोळा नव्हे, सतरा नळ्यांची होती. मी मनात हसले. म्हटलं, बाईसाहेबांची दोन-दोनची पंगत चुकली. विचारायचं ठरवलं होतं, टोमणा मारून. त्याला दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाचा डबा उघडता उघडता तू म्हणालीस, डोकं लई ठणकतंय. मी संगणकावरून मान वर न करता म्हणाले, चहा ठेवते. तू म्हणालीस, आलं घाल. मी वेलदोडा घातला. का घातला, कौसे? इतक्या महिन्यांनी तू माझ्याकडे काहीतरी मागितलंस आणि मी त्यातही माझंच खरं केलं. कप घेऊन आले तेव्हा तू खाली होतीस. डोक्यातली शीर फुटली, दवाखान्यात म्हणाले. काही करता आलं नसतं म्हणाले. हे ते सगळ्यांनाच म्हणतात का, हे विचारायला डॉक्टर म्हणून मला तूच माहीत होतीस.

पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज जड होता, खोटा नव्हता. मग म्हणाले, लेखावर आता तिचं नाव घालू, तिला श्रद्धांजली होईल. तिने सही केली नव्हती, मी म्हणाले. ते म्हणाले, आता त्याला हरकत कोण घेणार? आणि ऐक, कौसे, हेच मला मंडपात उठून सांगता आलं नाही: मी नाही म्हणाले नाही. मला दोन दिवस ते बरं वाटत होतं. आपली दोन नावं एका ओळीत छापलेली दिसतील, असं मनात आलं. माझी नोकरी त्या लेखावर टांगलेली आहे हेही मनात आलं. तू जिवंत असताना दिलेला नकार मी तू मेल्यावर होकारात बदलायला निघाले होते, आणि त्याला प्रेम म्हणत होते.

मग मी सतरा नळ्या उघडल्या. दुसरं काय करणार? रडायला बसले की उठवायला तू नव्हतीस. आठवडाभर मी तुझ्या पद्धतीने काम केलं. मेलेल्या पेशी बाजूला. एका थेंबात अडकलेल्या दोन-दोन पेशी बाजूला. मग एकेका बाईच्या सगळ्या पेशींची बेरीज करून एक बाई म्हणजे एकच आकडा, आणि बाईची तुलना बाईशी. लोकर सोडून मेंढरं. लाल ढीग होता, कौसे. होता. पण तो ज्या नळ्या डब्यात जास्त वेळ बसल्या त्यांचा होता. तुझ्या हातची मिनिटं मी शेजारी मांडली आणि वेळ वाढेल तसा ढीग वाढत गेला. ती मिनिटं तू का लिहायचीस ते मला इतक्या उशिरा कळलं. त्या रकान्यावरून मी बोट फिरवत बसले होते, तुझा सात नेहमी एकसारखा दिसतो, शेपूट तोडलेला.

तरीही मी पैज पाळली. वेळेचा भाग वजा करून जे उरलं त्यावरून सतराही जणींपुढे लिहिलं: गेलेली, राहिलेली. आबांना फोन करून विचारलं की कौसाने तुमच्याकडे काही ठेवायला दिलंय का. दुसरीकडे कुठे ठेवणार होतीस तू?

काल मी आष्टीच्या पुढे तुझ्या घरी गेले. आबा मेंढवाड्याच्या दगडी कुसाला टेकून बसले होते. सध्या खांड घरीच आहे, दिवाळीनंतर बाहेर पडेल. त्यांनी माझ्या हातातला कागद बघितला. वाचता येत नाही त्यांना, पण त्यांनी तो उलटा-सुलटा करून अक्षरं आहेत याची खात्री करून घेतली. म्हणाले, ती बोलली हुती, नंदी लिहून आणंल तवाच दे, आदी मागाया आली तर काठी दाव. मग चंचीतून घडी काढली. तंबाखूचा आणि चुन्याचा वास येणारी, चारी घड्यांवर पिवळी पडलेली.

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सोळांपैकी आठ बरोबर, आठ चूक. नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते.

आबांनी विचारलं, "जितलं कोन?"

मी म्हणाले, ती. त्यांनी मान डोलावली, बराच वेळ डोलावतच राहिले, आणि म्हणाले, "मंग सांग तिला. मी कवाधरनं हाका मारतोय, मला ओ देत न्हाई."

यादीत सतरावा आकडा खाली, रेघ मारून वेगळा होता. तुझ्या अक्षरात: गया. ऊस की घर, त्या रकान्यात काहीच नाही. त्यापुढे लिहिलं होतंस, "हिला मोजू नको. ही आपल्यामुळं राहिली."

आपल्यामुळं. मी ते वाक्य वाचलं आणि तुझ्या बापाच्या अंगणात, मेंढरांच्या लेंड्यांत बसून मोठ्याने रडले. तू "तुझ्यामुळं" लिहायला हवं होतंस. पाच महिने तू माझ्याशी धड बोलली नाहीस, आणि त्याच पाच महिन्यांत कुठेतरी बसून तू माझ्या चुकीतली निम्मी स्वतःच्या नावावर लिहिलीस. आणि मी तू मेल्यावर तुझं नाव खोट्या लेखावर चढवणार होते. आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. घोंगडं आणून टाकलं आणि बाजूला जाऊन बसले.

तिथूनच मी सरांना फोन केला, लेख मागे घ्या म्हणाले. ते म्हणाले, वर्षभराचं काम आहे. मी म्हणाले, दोन वर्षांचं. नोकरीचं काय होणार हे त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. नाही सापडलं म्हणजे नाहीच असं नव्हे, हे तुझं वाक्यही मी त्यांना सांगितलं. त्या बायांची मूत्रपिंडं थकतात हे तर खरंच आहे. का, ते आपल्याला अजून माहीत नाही, एवढंच आपल्याला दोन वर्षांत कळलं. फोन ठेवला तेव्हा जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही.

आज सकाळी उमापूरला गेले. गया दारात बाजरी पाखडत होती. मला बघून उठली नाही. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सांगितलं की ते लाल ठिपके उसाचे नव्हते, तुमचे नव्हते, आम्ही रक्त फार वेळ डब्यात ठेवलं त्याचे होते. तिने सूप थांबवलं नाही. मग म्हणाली, म्हंजी माझं रगत चांगलं हाय? मी म्हणाले, चांगलं आहे का ते आम्हाला कळत नाही, गयाबाई. वाईट आहे असं मी म्हणाले, तेव्हा तेही मला कळत नव्हतं.

तिने सांगितलं, पाडव्याला तू आलीस तेव्हा ती आपणहून रांगेत बसली होती. परत बघा म्हणाली होती. तू म्हणे तिला एकदा निरखून बघितलंस, आणि म्हणालीस, "तुला न्हाई कशी म्हनू?" म्हणजे मंडपातली माणसं अगदीच खोटं बोलत नव्हती. एकीला तरी तू नाही म्हणाली नाहीस.

मग गयाने सूप खाली ठेवलं.

"ताई, हे मुकादमाम्होरं म्हनताल का? त्याच लिंबाखाली?"

दसरा जवळ आलाय, टोळ्या बांधायला सुरुवात झाली आहे. मी हो म्हणाले. परतीच्या एसटीत मला कळलं की मी कशाला हो म्हणाले. माझ्या खोट्याने ती एक वर्ष सावलीत बसली, अपमानाची का होईना. माझं खरं तिला परत उन्हात, उसात पाठवणार. यात बरोबर काय आहे, कौसे? तू असतीस तर काय केलं असतंस? तू तिची साधी तपासणी करून घेतली असतीस, दर महिन्याला फोन केला असतास, मुकादमाला पाण्यावरून झापलं असतंस. मला यातलं काही येत नाही. मला ठिपके मांडता येतात. तुझ्या नंबरवर मी दोनदा फोन लावला. आबांनी उचलला, दोन्ही वेळा.

उद्या सकाळी जायचं आहे. मुकादम विचारील, बाई, तुमच्यासंगं आनखी कोन हाय, डाक्टरीन कुठं हाय? आपली जोडी एक कोयता होती. मी आता गयाच्या नवऱ्यासारखी, अर्धा कोयता.

दारावरचं खडूचं वाक्य मी पुसलेलं नाही. चहा केला, आलं घातलं, पिववला नाही. तू बरोबर होतीस, हे तू असताना मी एकदाही म्हणाले नाही, आता चार दिवस नुसती तेच म्हणते आहे आणि त्याचा कुणालाच उपयोग नाही. उद्या लिंबाखाली सांगायचं वाक्य मघापासून म्हणून बघते आहे. लहानसंच आहे. माझं चुकलं. तेवढं म्हणते आणि थांबते, तू "कावून?" विचारशील म्हणून. मग पुन्हा पहिल्यापासून म्हणते. कोणी विचारत नाही.